निधी येईपर्यंत पूर थांबत नाही

पहाटे ५.३०

पावसाळ्यात आमचा दिवस पावसाच्या आकड्यांनी उजाडतो. रात्रभरात कोणत्या महसूल मंडळात किती मिलिमीटर पडला, ते तहसील कार्यालयाकडून मोबाइलवर येतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. कोकणात जुलैमध्ये हा आकडा नेहमीचाच. मी आधी बघतो तो महाबळेश्वरचा आकडा. तिथे दोनशेच्या पुढे पाऊस झाला, की काही तासांत ते पाणी घाट उतरून आमच्या पुलांखाली येणार, हे धरूनच चालायचं. आज तो आकडा दोनशेच्या पुढे आहे.

मी रस्ते आणि पुलांची कामं पाहणारा शाखा अभियंता. नोकरी दक्षिण रायगडातल्या एका तालुक्यात. माझ्या वर उपअभियंता, त्यांच्या वर कार्यकारी अभियंता, मग अधीक्षक, मग मुख्य अभियंता. पण खड्ड्यापाशी उभं राहून लोकांना उत्तर द्यायचं काम पहिल्यांदा माझ्या वाट्याला येतं. महाराष्ट्रात सगळ्या प्रकारचे मिळून सुमारे तीन लाख किलोमीटर रस्ते आहेत. त्यातला माझ्या ताब्यातला तुकडा लहानसाच. तरी राज्यभरातल्या रस्त्यांचं जे दुखणं आहे, ते या तुकड्यावर रोज दिसतं.

सकाळी ६.४५

घाटरस्त्यावर दरड आली आहे. लाल माती, त्यात गोटे, आणि मातीबरोबर मुळासकट आलेला ऐन. एका बाजूनं मोटारसायकल जेमतेम जाईल एवढीच वाट उरली आहे. मी गावातल्या जेसीबीवाल्याला फोन लावतो.

"साहेब, मागच्या पावसाळ्याचं बिल अजून निघालं नाही. डिझेल कशाच्या जिवावर टाकू?"

"तुमचं म्हणणं खरं आहे. पण सातची एसटी खालच्या वाडीत अडकून पडलीय."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणतो, "येतो. अर्ध्या तासात."

तो येतो, कारण दुधाचे टेम्पो, शाळेची मुलं, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं याच रस्त्यानं जातात हे त्याला माहीत आहे. आमच्याकडची आपत्कालीन व्यवस्था अशा माणसांच्या भल्या स्वभावावर चालली आहे. राज्य चालवण्याची ही रीत असू शकत नाही.

दरड का आली, तेही इथे उभं राहिलं की कळतं. डोंगराच्या बाजूचं गटार पालापाचोळ्यानं आणि मातीनं भरलंय. डोंगरावरचं पाणी गटारातून वाहून जायचं, ते रस्त्यावर पसरलं आणि उताराचा पाया भिजत राहिला. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक लांबीमागे मैलकामगारांची टोळी असायची. फावडं, घमेलं, कोयता घेऊन माणसं रोज रस्त्यावर. गटार काढायचं, साईडपट्टी भरायची, मोरीचं तोंड मोकळं करायचं, झुडपं तोडायची. ही भरती बंद झाली, निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. आता गटार काढायचं म्हटलं तरी अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा आणि ठेकेदार लागतो. पूर्वी ज्या कामाला एक फावडं आणि एक सकाळ पुरायची, त्यासाठी आता फाईल फिरते. तोवर पाऊस कोसळू लागलेला असतो.

सकाळी ८.१५

बाजारपेठेच्या अलीकडच्या वळणावर खड्ड्यांची रांग आहे. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही ते खडी आणि मुरूम टाकून भरले होते. आज त्यातला मुरूम वाहून गेलाय आणि खडी रस्त्यावर विखुरली आहे. दुचाकीवाल्याच्या दृष्टीनं ती खड्ड्याहून धोक्याची. शाळेत जाणाऱ्या एका मुलीचे वडील गाडी थांबवून विचारतात, "साहेब, हे भरलेत म्हणता तर टिकत का नाही?"

त्यांना पूर्ण उत्तर मिळालं पाहिजे. डांबर आणि पाण्याचं वैर आहे. वरच्या थराला बारीक तडा गेला की पाणी आत उतरतं आणि खालची खडी सैल होते. वरून चाक गेलं की तेच पाणी दाबानं आतल्या आत हलतं आणि खडीला चिकटलेलं डांबर सोडवतं. थोड्याच दिवसांत तुकडा निघतो. खड्डा नीट भरायचा तर त्याच्या कडा चौकोनी कापायच्या, आत साफ करायचं, कोरडं करायचं, डांबराचा हात द्यायचा, गरम मिश्रण घालायचं आणि रोलरनं दाबायचं. भर पावसात यातलं काहीच होत नाही. डांबराचे प्लांटसुद्धा पावसाळ्यात बंद असतात. म्हणून हे काम मे महिन्याच्या आत व्हायला हवं. तडा दिसला की तेव्हाच त्यावर डांबराचा हात फिरवला, दर काही वर्षांनी वरचा थर नवा केला, तर खड्डा पडायचाच नाही. मेमध्ये काम करायचं तर निधी जानेवारी-फेब्रुवारीत हातात हवा. आमच्याकडे तो आला तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो. तोही आधीची देणी भागवण्यात संपतो.

त्यात वाहनांचा भार. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मालवाहू गाड्यांच्या एक्सलवरची वजनमर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. वाहतूकदारांना ते सोयीचं झालं असेल. पण एक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, हा रस्ता-अभियांत्रिकीतला जुना आणि सर्वमान्य हिशेब आहे. भार वाढला, त्या मानानं जिल्हा मार्गांची जाडी वाढली नाही आणि देखभालीची तरतूदही वाढली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे जीव गेल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. चांगल्या रस्त्यावर नागरिकाचा हक्क आहे, ही न्यायालयाची भूमिका मला शंभर टक्के मान्य आहे. जबाबदारी आमच्यावर टाकली, तेही योग्यच झालं. माझं म्हणणं एवढंच, की जबाबदारीबरोबर तो खड्डा वेळेत भरण्याचं साधनही हातात द्या.

सकाळी १०.००

मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमच्या भागातला सर्वांत जुना पूल लागतो. दगडी कमानींचा, चुन्यात बांधलेला, ब्रिटिशांच्या काळातला. तेव्हा त्यावरून बैलगाड्या जायच्या आणि दिवसातून एखादी सर्व्हिस मोटार. आता चिऱ्याचे, खडीचे, वाळूचे ट्रक जातात. कठड्यांना रंग आहे, वरचं डांबर बरं आहे. वरून पूल ठणठणीत दिसतो.

पुलाचं दुखणं खाली उतरल्याशिवाय कळत नाही. पाऊस थोडा उघडलाय आणि काठालगतचा गाळा मोकळा आहे, तेवढ्यात मी आणि मुकादमकाका खाली उतरतो. काका हातोडीनं एकेक दगड वाजवत जातात. घट्ट बसलेला दगड खणखणीत वाजतो, मागे पोकळी असेल तर आवाज बद्द येतो. पहिल्या कमानीत तीन ठिकाणी बद्द आवाज येतो. तिथल्या दरजांतला चुना धुपलाय. मी खिशातली पट्टी घातली तर ती सहज बोटभर आत जाते.

दुसऱ्या कमानीच्या सांध्यात पिंपळ उगवलाय. खोड जेमतेम बोटाएवढं, पण मूळ दगडांमधून आत किती गेलंय ते ओढून पाहिल्यावर समजतं. मूळ जाडावतं तसा दगड जागचा हलतो. वरून कोयत्यानं छाटला तर पुढच्या पावसाला तो दुप्पट जोमानं फुटतो. परांची बांधायची, मूळ खणून काढायचं, उरलेल्या मुळावर औषध घालायचं आणि दरज पुन्हा भरून घ्यायची, एवढंच हे काम. दोन माणसं, चार दिवस, थोडं सिमेंट आणि रेती.

"पूर्वी आम्ही चार जण असायचो," काका म्हणतात. "मिरगाच्या आधी पुलाची सगळी भोकं मोकळी करायचो. आता मी एकटा. मी पण लवकरच सुटणार."

काका म्हणतात ती भोकं म्हणजे भिंतीमागचं पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेल्या वाटा. त्या बुजल्या की पाणी मागे साठतं आणि भिंतीला बाहेर रेटतं. काँक्रीटच्या पुलांवरही हीच गोष्ट होते. वरच्या पाणी-नळ्या मातीनं भरतात, पावसाचं पाणी पुलावरच तुंबतं आणि झिरपत सळ्यांपर्यंत पोचतं. सळी गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. दोन गाळ्यांमधल्या सांध्यात माती आणि गुटख्याच्या पुड्या अडकल्या, की उन्हात पसरायला पुलाला जागा राहत नाही. कोकणात प्रत्येक घरी पावसाआधी कौलं चाळतात. फुटलेलं कौल बदलायला फार खर्च येत नाही, पण ते राहिलं तर पुढे वासे कुजतात. पुलांचंही अगदी तसंच आहे.

सर्वांत मोठी काळजी पाण्याखालची. पूर जोरात असतो तेव्हा खांबाभोवती पाणी भोवरा घेतं आणि पायाजवळची वाळू-माती उकरून काढतं. आम्ही त्याला स्कावर म्हणतो. जगभरात नदीवरचे पूल पडतात त्यांत पायाजवळची ही धूप हे प्रमुख कारण आहे. ती फसवी असते. पूर ओसरताना त्याच खळग्यात गाळ येऊन बसतो आणि उन्हाळ्यात पाहायला गेलं तर तळ सपाट, शांत दिसतो. पण तो गाळ सैल असतो, त्यात पायाला धरून ठेवण्याची ताकद नसते. नदीत बेसुमार वाळू उपसा झाला असेल तर तळच खाली गेलेला असतो आणि पाया आणखी उघडा पडतो.

इंडियन रोड्स काँग्रेसनं पुलांच्या तपासणीची सविस्तर पद्धत घालून दिली आहे, आणि आम्ही पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करतो. पण नुसत्या डोळ्यांना पाण्याखालचं काय दिसणार? त्यासाठी पाणबुडे हवेत, तळाची खोली मोजणारी उपकरणं हवीत, कमानीखाली माणसाला उचलून नेणारी गाडी हवी. ती साधनं तालुक्यापर्यंत यायला फार वाट पाहावी लागते. मी वहीत नोंद करतो: दरजा भरणे, झाड मुळासह काढणे, खांबांच्या पायाशी जाळीत दगड भरून संरक्षण करणे. हा खर्च काही लाखांचा. याच मजकुराचा प्रस्ताव आधीही गेलेला आहे. ही कामं झाली नाहीत, तर एक दिवस नवा पूल बांधावा लागेल आणि त्याला काही कोटी लागतील.

दुपारी १२.१५

पलीकडच्या वाडीचे लोक वाटेत थांबवतात. ओढ्यावरच्या साकवाची एक फळी गेली आहे, एका बाजूचा कठडा लोंबतोय. सरपंचताई म्हणतात, "भाऊसाहेब, आम्ही जिल्हा परिषदेत गेलो तर ते तुमच्याकडे पाठवतात. तुमच्याकडे आलो तर तुम्ही तिकडे पाठवता. नक्की कुणाचा साकव आहे हा?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. १९४३ मध्ये नागपुरात देशातले मुख्य अभियंते जमले आणि रस्त्यांची वर्गवारी ठरली. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, ही उतरंड त्या नागपूर योजनेतून आली. आपण आजही तीच वापरतो. वरचे वर्ग राज्याकडे, खालचे जिल्हा परिषदेकडे, महामार्ग केंद्राकडे. गावातल्या माणसाला मात्र घरापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत एकच रस्ता लागतो. त्यावर तीन-चार मालक आहेत हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. पैशाचं बघितलं तर जसजसं खाली यावं तसतसा तो आटत जातो. साकव सर्वांत तळाला.

मी साकवाचे फोटो काढतो, जिल्हा परिषदेच्या अभियंत्यांना तिथूनच फोन करतो आणि मुकादमकाकांना दोन्ही टोकांना काटेरी फांद्या आणि दोरी बांधायला सांगतो. "मुलांना वरच्या पुलावरून पाठवा," मी म्हणतो. वळसा चांगलाच मोठा आहे. सरपंचताई काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. त्या मुलांना रोज किती चालावं लागेल, हे आम्हा दोघांनाही कळतं.

दुपारी २.००

डबा खाऊन कार्यालयात. बाहेर ओल्या छत्र्या, आत टेबलांवर प्लास्टिकनं झाकलेल्या फाईली. आता पैशाचं काम.

रस्त्यांसाठी अर्थसंकल्पात दोन मोठी लेखाशीर्षं आहेत. ५०५४ हे भांडवली. त्यातून नवे रस्ते, नवे पूल, रुंदीकरण. ३०५४ हे महसुली, त्यातून देखभाल-दुरुस्ती. खड्डा, गटार, दरजा, बेअरिंग, सगळं या दुसऱ्यात. कित्येक वर्षं देखभालीला 'योजनेतर' खर्च म्हणायचे आणि काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री योजनेतर खर्चाला लागायची. २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर हा भेद देशभर काढून टाकला गेला. सवय मात्र राहिली.

नवं बांधण्याकडे पैसा वळावा अशीच सगळी रचना आहे. केंद्र सरकार राज्यांना ५० वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं, ते भांडवली कामांसाठी. त्यातून नवा पूल होऊ शकतो, जुन्या पुलाच्या दरजा भरता येत नाहीत. नव्या कामाचं भूमिपूजन होतं, उद्घाटन होतं, फलकावर नावं लागतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पन्नास हजार कोटींहून अधिक खर्च करून झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण लांबीनं खुला झाला. त्याचा अभिमान मलाही आहे. आमच्या व्यवसायातलं ते मोठं काम आहे. पण मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि कोकणातल्या माणसानं त्यानंतर कितीतरी गणेशोत्सव खड्ड्यांतून प्रवास करत गाठले. आतल्या जिल्हा मार्गांची तर बातमीही होत नाही.

दुसरं दुखणं असं, की मंजुरी मोठी आणि तरतूद छोटी. अर्थसंकल्पात आणि मग जुलै-डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत कामं घातली जातात. प्रत्येक कामापुढे किंमत पूर्ण लिहिलेली असते, पण त्या वर्षासाठी प्रत्यक्ष ठेवलेली रक्कम नाममात्र. गावात बातमी पोचते: रस्ता मंजूर. निविदा निघते, नारळ फुटतो, खडी येऊन पडते. सरकारी निधीवाटपाच्या बीम्स या संगणक प्रणालीवर मात्र त्या कामापुढे वितरित निधीच्या रकान्यात शून्य असतं किंवा तुटपुंजा आकडा. मंजुरीनं पूल टिकत नाही, पैसा हातात पडून काम झालं तरच टिकतो.

१५ जून २०२५ ला मावळातल्या कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे ठाऊक होतं, तसा फलक होता. नव्या पुलाला सुमारे आठ कोटींची मंजुरीही होती. म्हणजे धोका माहीत होता, निर्णय झाला होता, पैसाही कागदावर होता. यातलं काहीही त्या दिवसापर्यंत नदीवर पोचलं नाही.

आणि रस्त्यांसाठी वेगळा पैसा असावा हा विचार काही नवा नाही. १९२७ मध्ये देशाच्या रस्त्यांची पाहणी करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते मुकुंद रामराव जयकर. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२८ च्या अहवालात जयकर समितीनं सांगितलं, की पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आजही आपण पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांच्या नावानं उपकर भरतो. एका मराठी माणसानं शंभर वर्षांपूर्वी दाखवलेली वाट अर्धीच चाललो आहोत. बांधण्यासाठी निधी राखून ठेवायला शिकलो, सांभाळण्यासाठी अजून शिकलो नाही.

सकाळच्या नोंदीवरून मी पुलाच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक पुन्हा तयार करतो. नव्या दरसूचीनं रक्कम वाढली आहे. लवकर काम केलं असतं तर कमी लागली असती, हे टिपणीत स्वच्छ शब्दांत लिहितो आणि उपअभियंत्यांच्या टेबलावर ठेवतो.

दुपारी ४.३०

तालुक्यातला एक छोटा ठेकेदार येऊन बसतो. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून त्यानं कामं घ्यायला सुरुवात केली होती. दोन मोऱ्या आणि एक संरक्षक भिंत पूर्ण करून दिली आहे. मोजमापं मापपुस्तकात नोंदली, बिल झालं, वर गेलं. पैसे नाहीत.

"साहेब, तारीख तरी सांगा. सिमेंटवाल्याला काय सांगू? बायकोचे दागिने बँकेत आहेत."

माझ्याकडे तारीख नसते. कंत्राटदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये राज्यभर आंदोलनं केली, तेव्हा वेगवेगळ्या खात्यांकडे मिळून सुमारे ८९ हजार कोटी रुपये थकल्याचं त्यांचं म्हणणं होतं. आकड्यावर वाद घालता येईल, समोर बसलेल्या या तरुणाच्या चेहऱ्यावर नाही. थकबाकीचा फटका शेवटी रस्त्यालाच बसतो. काम झाल्यावर ठरावीक मुदतीत दोष निघाला तर तो ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. पण ज्याला मूळ कामाचेच पैसे मिळाले नाहीत, त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू, की बाबा, तिथे खड्डा पडलाय, ये आणि भर? काही जण निविदाच भरेनासे होतात. जे भरतात ते उशिराचं व्याज दरात धरतात किंवा डांबरात कमी करतात. चोख काम करणारा माणूस आधी बाहेर पडतो.

मी त्याला चहा देतो आणि बिल कुठल्या टेबलावर आहे ते फोन करून शोधून देतो. माझ्या हातात तेवढंच आहे.

सायंकाळी ६.३०

घाटमाथ्यावरचं पाणी आलं. नदी गढूळ, लाकडं आणि फांद्या घेऊन वाहतेय. जुन्या पुलाच्या खांबावर रंगवलेल्या इशारा पातळीच्या जवळ पाणी आहे आणि ते वाढतंय. मी पोलीस ठाण्याला, तहसीलदारांना आणि एसटी आगाराला कळवतो आणि पूल वाहतुकीला बंद करतो. दोन्ही बाजूंना बॅरिकेड, लाल दिवा, होमगार्ड.

लोक चिडतात. एक जण म्हणतो, "पाणी तर पुलाच्या खाली आहे. कशाला अडवता? बाळ घरी आहे माझं." त्याचा राग मी समजू शकतो. त्याला मी सावित्रीचं नाव सांगतो. पुढचं बोलावं लागत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ मध्ये बांधलेला दगडी पूल वाहून गेला. त्यात राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या आणि एक जीप नदीत गेली. सुमारे ४० माणसं गेली. काहींचे देह दूर समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य असल्याचं म्हटलं गेलं होतं. शेजारी नवा पूल होता, तरी जुन्यावरून एका दिशेची वाहतूक सुरू होती. त्या अंधारात एका गॅरेजवाल्यानं पुढच्या गाड्यांना अडवलं म्हणून आणखी जीव वाचले.

त्यानंतर राज्यभरच्या जुन्या पुलांच्या तपासण्यांचे आदेश निघाले. सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. हे मी दर वेळी स्वतःला आठवून सांगतो: आपल्याकडे अभियंते आहेत, यंत्रं आहेत, पैसाही आहे. मनावर घेतलं तर सहा महिन्यांच्या आत पूल उभा राहतो. माणसं गेल्यावर जी तातडी दिसते, ती त्या आधी दाखवायची, एवढंच शिकायचं राहिलं आहे.

रात्री ९.४५

पाणी स्थिर आहे. पूल बंदच. लांबच्या वळशानं एसटी गेली, तसा निरोप आगारातून आला. आता दिवसाचा अहवाल: किती दरडी, किती मोऱ्यांवरून पाणी, कोणते रस्ते बंद, किती खड्डे भरले. या तक्त्यात गटार काढायला माणूस नव्हता, हे लिहायला रकाना नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव कितव्यांदा गेला, याचाही नाही.

म्हणून ते इथे लिहितो. उपाय अवघड नाहीत. देखभालीचा पैसा नव्या कामांपासून वेगळा राखा आणि तो वळवता येणार नाही असा नियम करा. कोकणातल्या तालुक्यांना तो पावसाळ्याच्या निदान चार महिने आधी द्या. तरतूद नसेल तर मंजुरी देऊ नका. मैलकामगारांची पदं पुन्हा भरा. गावातल्या तरुणांना गावातच काम मिळेल. पाण्याखालची तपासणी करणारी पथकं प्रत्येक जिल्ह्यात असू द्या. आणि प्रत्येक पुलाच्या तोंडाशी एक फलक लावा: बांधल्याचं साल, मंजूर भार, शेवटची तपासणी कधी झाली, काय आढळलं, दुरुस्ती कधी होणार.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या आमदारांना नवा रस्ता मागता, तसा यंदा जुन्या पुलाच्या दुरुस्तीचा हिशेब मागा. ग्रामसभेत विषय घ्या, माहितीच्या अधिकारात तपासणी अहवाल मागवा, तारीख लिहून घ्या. उद्घाटनाला जमता तशी गर्दी दरजा भरण्याच्या मागणीसाठी जमली, तर निधी वेळेत येईल. खड्ड्यापाशी उभा असलेला अभियंता त्या दिवशी तुमच्या बाजूनं उभा असेल.